वर कोन्तं, मझार कोन्तं?

मावशींनी पिशवी उलटी केली आणि मायच्या साड्या ओट्यावर पडल्या. त्यांनी एकेक घडी उचलली, कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडे धरला, आणि काही न बोलता दोन ढीग केले. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "वर कोन्तं ठेवानं भाऊ, नि मझार कोन्तं?" मझार म्हणजे आत. शिंपी जसा पूर्ण बाही की अर्धी असं विचारतो, तितक्या सहज. गोधडी शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच विचारत असणार. मी साड्यांकडे बघत राहिलो. ओट्यावर चहा आला, थंड झाला, त्यावर साय धरली. शेवटी "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणालो आणि साड्या परत पिशवीत भरायला लागलो. मावशींनी मला थांबवलं नाही. फक्त मी कशाही कोंबत होतो म्हणून पिशवी माझ्या हातातून घेतली आणि सगळ्या नीट घड्या घालून भरून दिल्या.

अमळनेरहून जळगावला परत येताना ती पिशवी मी वर रॅकवर ठेवली नाही, मांडीवरच धरली. माघ लागला होता. धरणगाव सोडलं की दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसत होते, काही ठिकाणी शेतं नांगरून काळी झाली होती, आणि मधूनच दादर ज्वारीचा एखादा हिरवा पट्टा कणसांनी वाकलेला. पाळधीला गाडी उगाचच थांबली. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात साड्या वर-खाली लावून पाहिल्या. अबोली वर, निळी आत. मग निळी वर. प्रत्येक वेळी आत गेलेली साडी माझ्याकडे बघते आहे असं वाटायचं. आत गेलेली पुन्हा दिसणार नव्हती. सरणावर ठेवल्यावर चेहऱ्यावरून कापड ओढतात, तो क्षण मला आठवत होता आणि तो आठवू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत होतो.

माय मार्गशीर्षात गेली. तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची होती, मामेभावाने आणलेली, करकरीत कोरी, तिने कधीच न नेसलेली. ती तिच्याबरोबरच गेली. पुढचे दिवस द्वारदर्शनाला येणाऱ्यांच्या चहात आणि सतरंज्या घालण्या-काढण्यात कसे गेले कळलं नाही. गंधमुक्ती झाली, मंडप निघाला, आणि संध्याकाळी मी आणि आक्का मायच्या लोखंडी पेटीसमोर बसलो. पेटीत बावन्न साड्या निघाल्या. पंचेचाळीस आहेराच्या. गुळगुळीत, पॉलिस्टरच्या, काहींच्या घडीत अजून दुकानाचा पुठ्ठा. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला कोणी कोणी दिलेल्या. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पेटी उघडली की ती प्रत्येक साडीवर बोट ठेवून सांगायची, "हाई नंदुरबारवालीनं, हाई पारोळावालीनं." नेसायची मात्र नाही. जपून ठेवायची आणि पुढच्या आहेरात विचार करकरून एकेक देऊन टाकायची. आमच्याकडे साड्या अशा वर्षानुवर्षं फिरत राहतात. तिच्या अंगावर असायची ती उरलेली सात. सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेली, काही इतकी विरलेली की हात घातला तर बोटांची सावली पलीकडून दिसावी.

आक्काने आहेराच्या साड्या वाटायला काढल्या. एक चुलती म्हणाली, गेलेल्या माणसाचं नेसतं वस्त्र घरात ठेवू नये, नदीला तरी सोडावं. बोरीला तेव्हा पाणी नव्हतं. दगडगोट्यांतून एक शेवाळलेली धार चाललेली, तिच्यात मायची साडी सोडायची म्हणजे ती पहिल्याच दगडाला अडकणार. मी नाही म्हणालो. तेवढ्यात आक्काने सातांतलं हिरवं पातळ उचलून मांडीवर घेतलं होतं. "हे मी नेते," ती म्हणाली. मी म्हणालो, "आत्ता राहू दे सगळं एकत्र. मग बघू." ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण तिने ते खाली ठेवलं. त्या वेळी तिचा चेहरा मी पाहिला नाही.

त्या हिरव्याबद्दल सांगायला हवं. मालेगावच्या मागावरचं ते पातळ, जाड विणीचे लाल काठ. माझ्या लहानपणी माय म्हणजे ते पातळ. चुलीवर खापर उलटं घातलेलं, माय दोन्ही हातांवर पुरणाची पोळी फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करते आहे, आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला, हिरवा. त्याच्या ओच्याजवळ चुलीतली ठिणगी उडून पडलेलं मुगाएवढं भोक होतं. लहान असताना मी त्यात बोट घालायचो आणि ती हात झटकायची. अण्णा गेल्यावर ते पातळ दिसेनासं झालं. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिने हिरवं सोडलं, बांगड्यांसकट. पुढे तीस वर्षांनी पेटीच्या तळाशी ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मिळालं.

गोधडीची कल्पना माझी. माय स्वतः गोधड्या शिवायची म्हणून सुचली असेल. फाल्गुन संपला की शेजारच्या चार-पाच बायका जमायच्या. अंगण सारवून सुकलं की त्यावर जुनी लुगडी पसरायची, चार कोपऱ्यांना पाटा, वरवंटा, भरलेला तांब्या, जे सापडेल ते वजन. मग कडेने बसून बायका आत आत शिवत यायच्या. बोलणं चालू असायचं, पण टाका घालताना प्रत्येकीचा श्वास किंचित थांबायचा. सुई आत जाताना आवाज होत नाही, दोरा ओढला जाताना होतो, कापडातून सरसर. दुपारी झोपेत तो आवाज माझ्या कानात असायचा आणि त्याच्या मागे, लांबून, मिलची घरघर. गावातली ही मिल प्रतापशेठांनी १९०६ साली काढलेली. अण्णा तिथे साळखात्यात होते. माग त्यांच्या कानात इतकी वर्षं आदळले की घरी त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागायचं. माय मोठ्याने बोलायची नाही. ती त्यांच्या बाहीला हात लावायची, ते वळून बघायचे, मग ती हळू बोलायची आणि ते तिच्या ओठांकडे बघून समजायचे. भोंगा झाला की घर जेवायचं, भोंगा झाला की घर झोपायचं. गोधडीच्या खोळीला लागणारं मांजरपाट अण्णा मिलमधून तुकड्यांच्या भावात आणायचे, आणि आणलं की आधी माझ्या हातात द्यायचे. "डोळे मीट. चोळून बघ. जाड सूत की बारीक?" मी चुकलो की अण्णा माझं बोट धरून कापडावर उभं-आडवं फिरवायचे. ताणा असा, बाणा असा. त्यांना बोटांच्या पेरांनी चाळीस नंबरचं सूत ओळखता यायचं. मी पुढे बँकेत नोकरी केली, आयुष्यभर नोटा मोजल्या, पण आजही कुठलंही कापड विकत घेताना मी आधी डोळे मिटतो.

त्या आठवड्यात रात्री झोप येईना. मी फोनवर गोधड्यांचे फोटो बघत बसायचो. बघता बघता भलतीकडे पोचलो. अमेरिकेत एड्सने गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या आप्तांनी आणि मित्रांनी शिवलेली एक प्रचंड गोधडी आहे. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर ती पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आता पन्नास हजारांच्या आसपास आहेत. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद, सहा फूट लांब. म्हणजे कबरीएवढा. त्या काळी यातल्या कितीतरी माणसांना दफनविधीही धड मिळाला नव्हता, लोक हात लावायला तयार नव्हते, म्हणून त्यांच्या माणसांनी कापडावर नाव शिवलं आणि ते जमिनीवर अंथरलं. कोणी शर्ट लावला, कोणी लहानपणचं खेळणं. फोटोत एक बाई अशा एका तुकड्यावर गुडघे टेकून बसलेली आहे आणि तिचा हात नावावरून फिरतो आहे. मी तो फोटो बराच वेळ बघितला. त्या गोधडीला आत असं काही नाही. सगळं वर आहे, जगाला दिसावं म्हणून. ते तसंच असायला हवं होतं, त्या माणसांना लपवलं गेलं होतं. पण मायला कोणी लपवलं नव्हतं. मग मला तिची साडी वर कशाला हवी होती? कोणाला दाखवायची होती?

मी उठलो आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मायने शिवलेली जुनी गोधडी काढली. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी तिने ती पाठवली होती. एका बाजूने उसवली आहे. टाके कसे घातलेत ते बघायचं म्हणून मी फाटलेल्या जागी बोटं घातली. खोळीखाली तिचं एक पिवळं पातळ होतं, ते मला ओळखू आलं. त्याखाली पांढरं, बहुतेक अण्णांचं धोतर. आणि त्याखाली आणखी टाके लागले. एक आख्खी जुनी गोधडी आत होती. झिजलेल्या गोधडीवर नवं कापड चढवून पुन्हा शिवायची ही बायकांची रीत मला ऐकून माहीत होती, पण आपण जे पांघरतो त्याच्या पोटात ती असेल हे कधी मनात आलं नव्हतं. मी टॉर्च लावली. आतल्या गोधडीचं गडद निळं लुगडं, त्यावर खणाचा एक तुकडा, आणि मांजरपाटाच्या टोकावर मिलचा जांभळ्या शाईचा अर्धा शिक्का. ते निळं लुगडं माझ्या आजीचं असेल, किंवा तिच्या सासूचं. खण कुणाचा असेल सांगता येणार नाही. सांगू शकणारी माणसं सगळी गेली. माझा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत त्या बायकांच्या उबेत झोपला, त्यांच्यावर मुतला, आजारपणात त्यांच्यावर घामाने भिजला, आणि आमच्यापैकी कोणाला त्यांची नावंही माहीत नव्हती. मायला होती. तिने ते कधी सांगितलं नाही. तिला सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नसणार.

हे बघून मला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. उलट धास्तावलो. म्हणजे हेच होणार. मी शिवेन, कोणीतरी पांघरेल, मग ती विरेल आणि दुसऱ्या कुठल्यातरी गोधडीच्या पोटात जाईल, आणि टॉर्च लावून बघणाऱ्याला हिरवा रंग दिसेल पण ती माय होती हे कळणार नाही.

पुढच्या रविवारी मी साड्या परत घेऊन गेलो. तोवर एक गोष्ट बिघडली होती. मावशींनी आधीच बजावलं होतं की कापड धुऊन आण, नाहीतर कसर लागते. मी सातही साड्या मशीनमध्ये घातल्या, नेहमीची पावडर टाकली, बटण दाबलं. दोरीवर वाळत घालताना लक्षात आलं की पेटीतल्या त्या साड्यांना वास होता. कडुनिंबाचा पाला, थोडं खोबरेल, थोडा चुलीचा धूर, आणि आणखी काहीतरी, जे तिचंच. आता सगळ्यांना लव्हेंडरचा वास येत होता. मी प्रत्येक साडी नाकाशी धरली. मागून ही आली, तिने माझ्या हातातून साडी काढून घेतली आणि दोरीवर सरळ केली. दोघंही काही बोललो नाही.

मावशींनी सात साड्या पाहून सांगितलं, "सात टाकशी ते सुई जावाव नही. चारच." कारण हिशेब असा. सहावार साडी साडेपाच मीटर. तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट होतात. कापायची गरजच नाही. एका साडीचे तीन थर, चार साड्यांचे बारा. मी मनात सहा फूट म्हणालो आणि तो फोटो आठवला. साडी तीन घड्यांची केली की माणसाच्या लांबीची होते, हे मी इतकी वर्षं साड्यांच्या घरात राहून कधी मोजलं नव्हतं.

मी सांगितलं की हिरवं वर ठेवा. मावशींनी ते उलगडलं, हाताने मोजलं आणि मान हलवली. जुन्या मागाचं ते, पन्हा, म्हणजे रुंदी, चार बोटं कमी. वर ठेवलं तर खालच्या साड्यांची कड उघडी पडेल, टाका धरणार नाही. शिवाय विरलंय, वरचं घासलं जातं, दोन हिवाळ्यांत चिंध्या होतील. आत मात्र ते टिकेल. त्यांनी हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि हिरवं उचलून मधल्या ढिगात ठेवलं. मी वाद घातला. बाजूला दुसरं कापड जोडा म्हणालो, ठिगळ लावा म्हणालो. त्या ऐकून घेत राहिल्या. मग हातातली सुई कापडात टोचून ठेवून म्हणाल्या, "कापड जे सांगस ते ऐकनं पडस, भाऊ." अण्णाही काहीसं असंच म्हणायचे, मागावर सूत तुटायला लागलं की. मी गप्प झालो. वर अबोली गेली, अंगाच्या बाजूला निळी, तिच्यात सर्वांत मऊपणा उरला होता. मध्ये एक तपकिरी आणि ते हिरवं. पन्हा कमी असल्याने मावशींनी हिरव्याची एक कड इतरांशी जुळवली. दुसरीकडे त्याचा काठ चार बोटं आत राहिला.

आणि मग मी म्हणालो की मी शिवतो. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. कच्चा दोरा त्यांनी घातला, बाहेरचे दोन फेरे त्यांनी घातले, आणि तिसऱ्या फेऱ्यापासून सुई मला दिली.

त्यानंतर बारा रविवार मी सकाळच्या गाडीने अमळनेरला जायचो. मावशींच्या ओट्यावर सतरंजी, तिच्यावर गोधडी. दोरा दुहेरी, मेणावरून ओढलेला, कोपरापासून बोटांपर्यंतचाच, जास्त घेतला की गुंता होतो. दोन फेऱ्यांत एका बोटाचं अंतर. बँकेची सवय म्हणून मी हिशेब केला, असे तीसेक फेरे होतात आणि टाक्यांची ओळ सरळ केली तर शंभर मीटरच्या वर भरते. पहिल्या रविवारी संध्याकाळी माझी मधली तीन बोटं सुजली होती. बारा थरांतून सुई जाताना ती वाकते, आणि पलीकडे नेमकी कुठे निघणार ते डाव्या हाताच्या बोटालाच कळतं, टोचून. रस्त्याने जाणारे ओळखीचे थांबायचे. एका जुन्या वर्गमित्राने विचारलं, "घरात कोणी नाही का शिवायला?" मी सांगितलं, मायची आहे. तो स्कूटर स्टँडवर लावून ओट्यावर बसला, बराच वेळ बसला, आणि जाताना म्हणाला की त्याच्या आईचं लुगडं त्याने घर रंगवताना पुसायला वापरलं. तेवढंच म्हणाला आणि गेला.

गोधडी कडेने आत शिवत येतात. त्यात एक धोका असतो. दर टाक्याला कापड किंचित पुढे ढकललं गेलं की ते साचत साचत मध्ये जमा होतं आणि शेवटी पोटात फुगा उरतो. मावशी म्हणायच्या, "दोरा ओढू नको. कापडले ताण बसस." मी ओढत होतो. एकविसाव्या फेऱ्याला त्यांनी तळहात मधोमध फिरवला आणि म्हणाल्या, "उसवी टाक." किती? चार फेरे. मला वाटलं राहू द्यावं, फुगा तर फुगा, माझ्या हातचा आहे. पण त्यांनी कात्री माझ्यासमोर ठेवली होती. उसवायला शिवण्याइतकाच वेळ लागला. उसवलेल्या जागी बारीक भोकांच्या ओळी राहिल्या, आणि त्यांच्या शेजारून मी पुन्हा शिवलं. अजूनही उजेडात धरली की तिथे दोन ओळी दिसतात, एक दोऱ्याची आणि एक भोकांची.

एकदा मी मावशींना बंगालच्या कांथ्याबद्दल सांगितलं. तिथल्या बायका जुन्या साडीच्या काठातलंच रंगीत सूत उकलून काढायच्या आणि त्याच सुताने त्याच साडीवर नक्षी शिवायच्या. मावशींची सुई थांबली. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी लगेच उरलेल्या तीन साड्यांतली एक घेतली, सुईच्या टोकाने काठातला एक लाल धागा मोकळा केला आणि हलक्या हाताने ओढायला लागल्या. वीतभर आला आणि तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. तीन-चार वेळा केलं. "जुनं सूत से, ओढ सोसत नही," म्हणाल्या आणि ते तुटके लाल तुकडे फुंकून न देता त्यांनी गोळा केले, बोटांत वळून त्यांची गोळी केली आणि मधल्या न शिवलेल्या जागेतून आत सरकवून दिली. ती आता तिथेच आहे.

शेवटचे फेरे चैत्रात झाले. ओट्यावर दुपारी बसवेना, आम्ही सकाळीच बसून घ्यायचो. मध्ये हाताच्या तळव्याएवढा चौकोन उरला तेव्हा मी मुद्दाम हळू झालो. मावशींना कळलं असावं. त्या आत जाऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, मला खायला लावलं, मग स्वतः समोर बसल्या आणि मी शेवटचा टाका घालेपर्यंत उठल्या नाहीत. मजुरी देऊ केली तर पहिल्या दोन फेऱ्यांचीच घेतली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्का येणार नाही म्हणाली होती. माय नाही, तर कशाला, असं तिने फोनवर स्पष्ट सांगितलं. त्याच फोनवर तिने विचारलं, "हिरवं कुठे आहे?" मी म्हणालो, "आहे. माझ्याकडेच आहे." खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. तिला न विचारता मी ते आत घालून वर तीस फेरे मारले होते, आणि आता ते काढायचं म्हटलं तर सगळंच उसवावं लागलं असतं. शेवटी हिने तिला फोन केला, काय बोलली माहीत नाही, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी आक्का अमळनेरच्या घरी येऊन दारात उभी राहिली. गौराईसाठी टोपलीत पेरलेला गहू हिने उगवून ठेवला होता. निंबाच्या झाडाला शेजारच्या मुलींनी झोके बांधले होते. दिवसभर आम्ही खापरावरच्या पोळ्यांच्या गडबडीत होतो. पोळ्या आक्काने केल्या. पदर कमरेला खोचला आणि हातांवर पोळी फिरवायला लागली तेव्हा मी बाहेर गेलो.

रात्री गच्चीवर झोपायचं ठरलं. उन्हाने तापलेली फरशी पाणी मारून निवली होती, तरी पायाला ऊब लागत होती. पूर्वी घराच्या मातीच्या धाब्यावर झोपायचो तशी अंथरुणं टाकली. मी गोधडी आणली आणि काही न सांगता आक्कासाठी अंथरली. पांघरायचे दिवस नव्हतेच. तृतीयेची कोर केव्हाच मावळली होती, गल्लीतला दिवा बंद होता, आणि एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. खाली कोणीतरी अजून झोक्यावर होतं, दोराचा कुरकुर आवाज येत होता. आक्का आडवी झाली. तिने विचारलं, "तू शिवलीस?" मी हो म्हणालो. नंतर बराच वेळ काही नाही. मला वाटलं, झोपली.

मग कापडावरून हात फिरल्याचा आवाज आला. लहानपणी अण्णांनी तिचंही बोट धरून कापडावर फिरवलं होतं, हे मी विसरलो होतो. हात कडेपर्यंत गेला, परत आला, चार बोटं आत थांबला आणि तिथेच खाली-वर होत राहिला.

"हे हिरवं ना?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "पन्हा कमी होता. आत घालावं लागलं." आणखीही बरंच सांगायचं होतं, तिला विचारायला हवं होतं हेही, पण शब्द आले नाहीत.

"अण्णा गेल्यावर मी दोन महिने होते ना मायजवळ," आक्का म्हणाली. "रात्री सगळी निजानीज झाली की ती पेटी उघडायची. हेच नेसून झोपायची. पहाटे आम्ही कोणी उठायच्या आत बदलून, घडी करून परत कागदात." ती थांबली. "मी जागी असायचे. तिला कधी कळू दिलं नाही."

झोक्याचा आवाज थांबला. आक्का कुशीवर वळली आणि त्या काठाच्या बाजूला सरकली.